झडतीचा हुकूम आणि घराचा उंबरठा

पोलिसांना एखाद्या घरात शिरून कपाटे, पेट्या आणि कागदपत्रे तपासण्याचा अधिकार कोठून मिळतो, तो मिळवताना त्यांनी कोणाला काय पटवून द्यावयाचे असते आणि तो वापरताना कोणती बंधने पाळावयाची असतात, हे तीन प्रश्न प्रस्तुत व्याख्यानाचा विषय होत. झडती म्हणजे गुन्ह्याशी संबंध असलेली वस्तू, कागद किंवा डांबून ठेवलेली व्यक्ती शोधण्यासाठी एखाद्या जागेची अथवा अंगाची केलेली तपासणी. आणि ती करण्यास मुभा देणारा न्यायालयाचा लेखी, सहीशिक्क्याचा हुकूम म्हणजे झडतीचे अधिपत्र, ज्याला बोलीत सर्वत्र वॉरंट हाच शब्द रूढ आहे. या विषयाचा कायदा १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत आहे; तिने १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेची जागा घेतली असली, तरी झडतीची मूळ चौकट इंग्रजी अमदानीपासून चालत आलेली आहे.

औरंगाबादला लागून असलेल्या छावणीसारख्या वस्तीत हा विषय केवळ पुस्तकी राहत नाही. निजामाच्या मुलखात इंग्रजी फौजेचा तळ म्हणून ही वस्ती उभी राहिली, भोवतालच्या औरंगाबादेत हैदराबाद संस्थानचा स्वतःचा कायदा चालत होता, आणि भारतीय फौजदारी प्रक्रिया संहिता या भागास लागू झाली ती संस्थान विलीन झाल्यानंतर, १९५१ मध्ये. आज छावणीचा नागरी कारभार संरक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीतील कटक मंडळाकडे असला, तरी चोरी, मारामारी किंवा जुगार यांचा तपास राज्याच्या पोलिसांकडेच, म्हणजे शहर पोलीस आयुक्तालयातील छावणी पोलीस ठाण्याकडे असतो. येथील तपासी अंमलदाराला, म्हणजे गुन्ह्याचा तपास ज्याच्याकडे सोपविला आहे त्या अधिकाऱ्याला, एखाद्या घराचे वॉरंट हवे असेल तर त्याला सामान्यतः शहरातील प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याकडे जावे लागते. फौजेच्या कोणत्याही अधिकाऱ्याची सही त्या हुकमाची जागा घेऊ शकत नाही.

न्यायालय वॉरंट केव्हा काढू शकते, हे संहितेच्या कलम ९६ मध्ये सांगितले आहे. ज्याच्याकडे कागद किंवा वस्तू आहे तो समन्स पाठवूनही ती हजर करणार नाही असे न्यायालयास सकारण वाटत असेल, ती वस्तू नेमकी कोणाच्या ताब्यात आहे हेच ठाऊक नसेल, किंवा सर्वसाधारण झडतीनेच चौकशीचा हेतू साध्य होईल असे न्यायालयाचे मत असेल, तरच हा हुकूम निघतो. आणि झडती घराच्या एखाद्या भागापुरती मर्यादित ठेवण्याचा अधिकारही न्यायालयाला आहे. चोरीचा माल, बनावट नोटा, खोटे शिक्के किंवा खोटे दस्तऐवज जेथे ठेवले असल्याचा संशय आहे त्या जागेसाठी कलम ९७ आहे, डांबून ठेवलेल्या माणसाच्या शोधासाठी कलम १०० आहे, आणि शासनाने जप्त म्हणून जाहीर केलेल्या पुस्तकांच्या प्रती शोधण्यासाठी कलम ९८ खाली वॉरंट निघू शकते. या सर्व तरतुदींत एकच सूत्र आहे: ज्याला झडती घ्यावयाची आहे त्याच्याखेरीज दुसऱ्या कोणी, तपासाच्या घाईत नसलेल्या माणसाने, आधी विचार केला पाहिजे. छापील नमुन्यातील रिकाम्या जागा भरून सही करणे म्हणजे हा विचार नव्हे. अर्जात गुन्हा कोणता, वस्तू कोणती, ती त्याच जागेत असल्याचे कशावरून मानले, हे आले नसेल, तर तो अर्ज परत करणे हे न्यायदंडाधिकाऱ्याचे कर्तव्य ठरते.

प्रत्यक्षात मात्र बहुसंख्य झडत्या वॉरंटाविना होतात. कलम १८५ पोलीस ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याला किंवा तपासी अंमलदाराला हा अधिकार देते, पण ती मोकळी सूट नाही. न्यायालयात जाण्यात वेळ गेला तर वस्तू हाती लागणार नाही असे सकारण वाटले पाहिजे, ती कारणे आणि शोधावयाची वस्तू शक्य तितक्या नेमकेपणाने केस डायरीत, म्हणजे तपासाच्या रोजच्या नोंदवहीत, झडतीपूर्वीच लिहिली पाहिजेत, आणि त्या नोंदीची नक्कल लगेच, फार तर ४८ तासांच्या आत, जवळच्या न्यायदंडाधिकाऱ्याकडे गेली पाहिजे. ही ४८ तासांची मर्यादा नव्या संहितेने घातली. जुन्या कलम १६५ मध्ये केवळ ‘ताबडतोब’ असे म्हटले होते. घराच्या मालकाने किंवा रहिवाशाने अर्ज केल्यास त्याला ही नक्कल विनामूल्य मिळते, ही गोष्ट फार थोड्यांना माहीत आहे आणि म्हणून फार थोडे तसा अर्ज करतात.

कारणे आधी लिहिण्याची ही अट किती मोलाची आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने राजस्थान राज्य विरुद्ध रहमान या निकालात दाखवून दिले. केंद्रीय अबकारी खात्याच्या अधिकाऱ्यांनी तंबाखूच्या संदर्भात एका घराची झडती घेण्याचा प्रयत्न केला, घरमालकाने अडवणूक केली आणि त्याच्यावर सरकारी कामात अडथळा आणल्याचा खटला झाला. परंतु झडतीपूर्वी कारणांची नोंदच केलेली नव्हती, त्यामुळे झडती बेकायदा ठरली आणि अशा झडतीला केलेला विरोध गुन्हा ठरला नाही. एका न लिहिलेल्या परिच्छेदामुळे सरकारचा अधिकार दारातच थांबला. अर्थात, दारात उभ्या असलेल्या सामान्य माणसाला केस डायरीत काय लिहिले आहे हे त्या क्षणी कळण्याचा मार्ग नसतो, म्हणून या निकालाच्या भरवशावर कोणी पोलिसांना अंगाने अडवावे असे म्हणणे धोक्याचे होईल. आक्षेप शब्दांत घ्यावा आणि तो पंचनाम्यात नोंदवून घेण्याचा आग्रह धरावा, हे अधिक शहाणपणाचे.

वॉरंट देणारा नेहमी न्यायाधीशच असतो असेही नाही, आणि महाराष्ट्रातील याचे सर्वांत परिचित उदाहरण जुगाराच्या अड्ड्यांचे आहे. १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा आजही राज्यात लागू असून त्याच्या कलम ६ प्रमाणे आयुक्तालयाच्या हद्दीत पोलीस आयुक्तच उपनिरीक्षक किंवा त्यावरील दर्जाच्या अधिकाऱ्याला विशेष वॉरंट देऊ शकतात अथवा सर्वसाधारण लेखी आदेशाने तसा अधिकार देऊ शकतात. असा अधिकारी रात्री वा दिवसा, गरज पडल्यास बळानेही, आत शिरू शकतो. येथे तपास करणारे खाते आणि परवानगी देणारे खाते एकच आहे, ही या कायद्याची उणीव उघड आहे. तिचा परिणामही साधा नाही. कलम ६ प्रमाणे रीतसर प्रवेश करून पत्ते, फासे, मटक्याच्या चिठ्ठ्या किंवा आकडे लिहिलेल्या वह्या सापडल्या, तर कलम ७ खाली ती जागा जुगाराचा अड्डाच आहे असे न्यायालय गृहीत धरते आणि तसे नाही हे दाखविण्याचे ओझे आरोपीवर येते. वॉरंट नीट नसेल तर हे गृहीतक कोसळते. म्हणून अशा खटल्यांत बचाव पक्षाचा वकील पत्त्यांच्या आधी वॉरंटचा कागद मागतो: त्यावर जागेचा पत्ता नेमका आहे का, ज्याच्या नावे ते निघाले तोच अधिकारी आत गेला होता का, सहीखालची तारीख छाप्याच्या आधीची आहे का.

दारापाशी काय व्हावयास हवे, हे कलम १०३ मध्ये क्रमाने दिले आहे. बंद जागेच्या ताब्यात असलेल्याने वॉरंट दाखविल्यावर आत येऊ द्यावे, आणि त्याने न दिल्यास पोलिसांना दार फोडता येते; मात्र आतल्या खोलीत, जिला अटक करावयाची नाही अशी आणि रिवाजाप्रमाणे परपुरुषांसमोर न येणारी स्त्री असेल, तर तिला बाहेर पडण्याची सूचना व सवड दिल्याखेरीज ते दार फोडता येत नाही. छावणीसारख्या मिश्र वस्तीत या तरतुदीचे महत्त्व सांगावयास नको. स्त्रीची अंगझडती स्त्रीनेच आणि सभ्यतेचे पूर्ण भान राखून घ्यावयाची असते. झडती सुरू होण्यापूर्वी त्याच वस्तीतील दोन किंवा अधिक स्वतंत्र व प्रतिष्ठित रहिवाशांना पंच म्हणून बोलवावे लागते, तसे कोणी मिळाले नाही किंवा यावयास तयार झाले नाही तरच दुसऱ्या वस्तीतून पंच आणता येतात, आणि घरातील माणसाला किंवा त्याच्या वतीने दुसऱ्या कोणाला झडतीच्या वेळी हजर राहू द्यावेच लागते.

पंचनामा म्हणजे पंचांसमक्ष जे पाहिले व सापडले त्याचा जागेवर लिहिलेला वृत्तान्त. चांगला पंचनामा वाचला तर खोली डोळ्यांसमोर उभी राहते: दार कोणत्या दिशेस, कपाट भिंतीच्या कोणत्या बाजूस, त्याच्या कितव्या कप्प्यात कोणत्या पिशवीत वस्तू होती, तिचे वर्णन, वजन किंवा अनुक्रमांक काय, झडती किती वाजता सुरू झाली आणि किती वाजता संपली. जप्त वस्तू पाकिटात घालून, दोरा गुंडाळून, लाखेचे सील लावले जाते, वर पंचांच्या व अधिकाऱ्याच्या सह्यांचे कागदी लेबल चिकटते, आणि ती ठाण्यात मुद्देमाल कारकुनाच्या हवाली होऊन मुद्देमाल नोंदवहीत तिचा क्रमांक पडतो. जप्त मालाच्या यादीची प्रत घरच्या माणसाला जागेवरच दिली पाहिजे. ठाण्यात परतल्यावर टेबलाशी बसून लिहिलेला, ‘सदर इसमाचे ताब्यात मिळून आला’ या ठरीव वाक्याने सुरू होऊन त्याच वाक्याने संपणारा पंचनामा उलटतपासणीत टिकत नाही. आणि तो टिकू नये यातच निरपराध माणसाचे हित आहे, तसेच जो खरा गुन्हेगार आहे त्याला शिक्षा व्हावी असे वाटणाऱ्या फिर्यादीचेही.

पंच हा या व्यवस्थेतील सर्वांत कमकुवत दुवा राहिला आहे. शेजाऱ्याच्या भांडणात पडावयाचे नाही, पुढे कित्येक वर्षे कोर्टाच्या तारखांना जावयाचे नाही, म्हणून लोक टाळतात. मग ठाण्याच्या आसपास वावरणारे, अनेक खटल्यांत सह्या करणारे सराईत पंच येतात, किंवा गंभीर गुन्ह्यांत सरकारी कर्मचाऱ्यांना पंच केले जाते. लेखी आदेश देऊनही विनाकारण नकार देणे हा कायद्याने गुन्हा आहे, पण केवळ धाकाने साक्षीदार प्रामाणिक होत नाही. २८ ऑगस्ट २०१८ रोजी पुणे पोलिसांनी भीमा कोरेगाव प्रकरणाच्या तपासात वेगवेगळ्या शहरांत झडत्या घेतल्या, तेव्हा पोलिसांबरोबर पुण्याहूनच पंच नेण्यात आले होते. रोमिला थापर विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २८ सप्टेंबर २०१८ रोजी दोन विरुद्ध एक अशा बहुमताने विशेष तपास पथकाची मागणी नाकारली, मात्र न्या. धनंजय चंद्रचूड यांनी आपल्या भिन्न मतात या पंचांच्या निवडीवर बोट ठेवले. त्या प्रकरणाविषयी कोणाचे काहीही मत असो, वस्तीतील पंच कायद्याने का मागितला आहे, हा प्रश्न त्या भिन्न मताने नेमका पुढे आणला: पोलिसांवर अवलंबून नसलेली एक जोडी डोळे त्या खोलीत असावी, एवढाच त्या अटीचा अर्थ आहे.

एवढ्या अटी मोडल्या तर काय होते? उत्तर निराश करणारे आहे. अमेरिकेत १९६१ च्या मॅप विरुद्ध ओहायो या निकालापासून बेकायदा झडतीत सापडलेला पुरावा राज्यांच्या न्यायालयांतही सामान्यतः वापरता येत नाही. भारतात पूरणमल प्रकरणात (१९७४) सर्वोच्च न्यायालयाने तो मार्ग नाकारला, आणि महाराष्ट्र राज्य विरुद्ध नटवरलाल दामोदरदास सोनी या मुंबईतील तस्करीच्या सोन्याच्या खटल्यात झडती बेकायदा होती असे मानले तरी जप्ती आणि खटला अबाधित राहतात असे सांगितले. न्यायालयाने पुरावा अधिक काळजीने तपासावा, एवढाच दिलासा उरला. अमली पदार्थांच्या कायद्यातील अंगझडतीच्या अटींबाबत न्यायालये अधिक कडक राहिली आहेत, पण तो अपवाद आहे.

हे असेच व्हावयास हवे होते असे नाही. डिसेंबर १९४८ मध्ये संविधान सभेत मध्य प्रांत व वऱ्हाडातून आलेले सदस्य काझी सय्यद करीमुद्दीन यांनी, अवाजवी झडती व जप्तीपासून संरक्षण हा मूलभूत हक्क करावा, अशी दुरुस्ती मांडली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर ती स्वीकारण्यास तयार होते. ही तत्त्वे फौजदारी प्रक्रिया संहितेत आधीच असली, तरी उद्याचे विधिमंडळ ती काढून टाकू शकेल, म्हणून ती त्याच्या आवाक्याबाहेर ठेवणे इष्ट आहे, अशी त्यांची भूमिका होती. दुरुस्ती अखेर फेटाळली गेली. बाबासाहेबांचा हा विचार मान्य झाला असता, तर पुढील सत्तर वर्षांचा झडतीचा कायदा वेगळा घडला असता, असे मानण्यास भरपूर आधार आहे. १९५४ मध्ये एम. पी. शर्मा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने संविधानात असे कलम नाही याच गोष्टीवर भर दिला. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे हे नऊ न्यायाधीशांनी एकमताने सांगावयास २४ ऑगस्ट २०१७ चा पुट्टस्वामी निकाल उजाडावा लागला.

पुरावा बाद होत नसेल, तर निदान अधिकाऱ्याला जबाब विचारता यावा. महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ च्या कलम १४७ मध्ये कायदेशीर अधिकाराविना किंवा वाजवी कारणाविना झडती घेणाऱ्या, अथवा छळण्यासाठी जप्ती करणाऱ्या पोलिसाला सहा महिन्यांपर्यंत कैदेची शिक्षा सांगितली आहे. हे कलम ठाण्यांच्या फलकांवर क्वचितच दिसते.

नव्या संहितेने एक खरी सुधारणा केली आहे. कलम १०५ नुसार झडती, जप्त वस्तूंची यादी आणि तिच्यावरील सह्या हे सर्व ध्वनिचित्रमुद्रित झाले पाहिजे, शक्यतो मोबाइलवर, आणि ते मुद्रण विनाविलंब दंडाधिकाऱ्याकडे गेले पाहिजे. सराईत पंचाने न पाहिलेले पाहिले म्हणून सांगणे यामुळे अवघड होईल. परंतु मुद्रण दार ठोठावल्यापासून सुरू व्हावे की वस्तू सापडल्यावर, मध्ये खंड पडला तर त्याचा अर्थ काय लावावा, आणि ज्याच्या घराचे ते चित्रण आहे त्याला त्याची प्रत कधी मिळावी, याविषयी हे कलम काही बोलत नाही. झडतीत आज वारंवार जप्त होणारी वस्तू म्हणजे मोबाइल फोन, आणि एका फोनमध्ये एका घरात मावत नाहीत इतके कागद, पत्रे आणि छायाचित्रे असतात. म्हणून जप्तीच्या वेळीच फोनमधील मजकुराचे हॅश मूल्य, म्हणजे त्यातील एक अक्षर बदलले तरी बदलणारी गणिती खूण, पंचनाम्यात लिहिले जावे आणि यादीबरोबरच ध्वनिचित्रमुद्रणाची प्रतही रहिवाशाच्या हाती पडावी, अशी दुरुस्ती कलम १०५ मध्ये किंवा राज्याच्या नियमांत होणे आवश्यक आहे. यादीची प्रत देण्याची सक्ती कलम १०३ मध्ये आधीच असल्यामुळे त्यासाठी नवे तत्त्व शोधावे लागणार नाही.