गझालीचे टिपण

सूफी म्हटले की आपल्याकडे दोन चित्रे डोळ्यांसमोर येतात. एक कव्वालीत भान हरपलेल्या मैफलीचे, दुसरे डोळे मिटून मन रिकामे करत बसलेल्या फकिराचे. पहिल्याकडे मी शेवटी वळेन. दुसऱ्याशी मात्र माझा सरळ वाद आहे, कारण हल्ली ‘सूफी ध्याना’च्या नावाने ताण घालवण्याची जी शिबिरे भरतात त्यांची सारी मदार त्यावरच असते. माझे म्हणणे असे, की या परंपरेच्या मुख्य प्रवाहात चिंतन म्हणजे स्वतःच्या मनाची झडती आणि त्या झडतीतून काढलेला निष्कर्ष. अशा बैठकीत शांती लाभतही असेल. ती मिळवायची म्हणून कोणी बसत नसे.

पुरावा थेट नवव्या शतकातल्या बगदादपासून मिळतो. बसऱ्यात जन्मलेला आणि 857 मध्ये वारलेला हारिस हा इतिहासाला ‘मुहासिबी’ या नावानेच ठाऊक आहे, म्हणजे स्वतःचा हिशेब मांडणारा. त्याच्या ‘रिआया’ या ग्रंथाचा फार मोठा भाग दिखाऊपणाच्या, ‘रिया’च्या, चिकित्सेला दिलेला आहे. नमाज लांबवताना कोणी पाहते आहे का, याकडे मनाचा एक कोपरा कसा लागलेला असतो, दान देताना स्तुतीची भूक कुठून शिरते, याची त्याने केलेली फोड आजच्या मानसशास्त्रज्ञालाही उपयोगी पडावी. अडीचशे वर्षांनी अबू हामिद गझालीने (1058–1111) हे सारे पचवून ‘इह्या उलूम अद्-दीन’ या चाळीस खंडांच्या ग्रंथात शिस्तीने मांडले. त्यातला अडतिसावा खंड मुराकबा आणि मुहासबा यांचा. गझालीचा दृष्टान्त पेढीवरचा आहे: बुद्धी हा व्यापारी आणि मन हा त्याचा भागीदार. पहाटेच्या नमाजानंतर थोडा वेळ काढून भागीदाराला दिवसाच्या अटी घालून द्यायच्या. दिवसभर, अल्लाह आपल्याला पाहतो आहे या जाणिवेने, त्याच्यावर नजर ठेवायची, हाच मुराकबा. आणि दिवस संपताना नफातोटा तपासायचा, तो मुहासबा. तोटा निघाला तर पुढे दंड, जादा कष्ट आणि कानउघाडणी अशा तीन पायऱ्या आहेतच. यात मन रिकामे करायला जागाच कुठे उरते?

त्याच्या पुढचा, एकोणचाळिसावा खंड तफक्कुरचा, म्हणजे विचाराचा. गझाली तिथे विचाराची जी व्याख्या करतो ती तर्कशास्त्राच्या वर्गात शोभेल: मनात दोन ज्ञाने शेजारी आणायची आणि त्यांतून तिसरे उपजवायचे. जे टिकते ते अधिक मोलाचे, हे एक. परलोक टिकणारा आहे, हे दुसरे. या दोहोंतून निघणारा निष्कर्ष माणसाला स्वतःच काढावा लागतो, ऐकून मानलेला चालत नाही. विचाराचे विषयही तो नेमून देतो. ईश्वराच्या स्वरूपाचा विचार करू नये, तिथे बुद्धी दिपते. त्याने घडवलेल्या सृष्टीचा करावा आणि स्वतःच्या आचरणाचा करावा. डोळा, कान, जीभ, पोट, जननेंद्रिय, हात, पाय असे एकेक अवयव घेऊन, आज याच्याकडून काय घडले, हे विचारावे.

यावर पहिला आक्षेप मुहासिबीच्या हयातीतच घेतला गेला. हदीसचे पंडित अबू जुर्आ राझी यांनी त्याच्या पुस्तकांपासून लोकांना सावध केले. मनात येणाऱ्या प्रत्येक तरंगामागे असे लागणे पूर्वीच्या थोरांनी कधी केले होते, असा त्यांचा सवाल. अहमद बिन हन्बल यांचाही रोष होता, अर्थात तो मुख्यतः मुहासिबीच्या कलाम-चर्चेवर, म्हणजे धर्मतत्त्वांच्या तार्किक वादावर. पुढच्या चरित्रकारांनी तर लिहून ठेवले आहे, की त्याच्या जनाज्याला अवघी चार माणसे होती. आक्षेप पोकळ नाही. सतत स्वतःला तपासणारा माणूस संशयाच्या भोवऱ्यात सापडतो आणि शेवटी दिखाऊपणाच्या भीतीने चांगले कामच सोडून देतो. पण हा धोका या लेखकांना ठाऊक होता. रियाच्या भीतीने सत्कर्म सोडणे ही सैतानाचीच सरशी, असे ते बजावतात. मनातला हेतू झटकावा, काम चालू ठेवावे. गझाली तर अगदी कारकुनी उपाय सांगतो. दहा घातक दोष आणि दहा तारक गुण एका टिपणात उतरवून घ्यावेत, एखाद्या दोषातून सुटका झाली की त्यावर रेघ मारावी, अल्लाहचे आभार मानावेत आणि त्याचा विचार तिथेच थांबवावा. माझ्या मते या साऱ्या प्रकरणातला सर्वांत शहाणा शब्द हा ‘थांबवावा’ आहे. ज्या चिंतनाला थांबा ठाऊक आहे, त्याला चाळा म्हणता येत नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. सूफींचे ध्येय तर बुद्धीपलीकडचे. खुद्द गझाली ‘मुनकिझ’ या आत्मवृत्तात म्हणतो, की या मार्गाचे मर्म अभ्यासाने कळत नाही, आस्वादानेच कळते. मग हिशेब आणि तर्क ही केवळ उंबरठ्याबाहेरची तयारी नव्हे काय? इथे कालक्रम पाहावा. बगदादच्या निझामिया मदरशातली मानाची जागा त्याने 1095 मध्ये सोडली, दमास्कसच्या मशिदीत एकांतवास केला, आणि ‘इह्या’ लिहिला तो या वळणानंतर. आस्वादाची ओढ लागून घर सोडलेल्या माणसाने त्या टिपणातल्या रेघांची शिफारस केली आहे. नक्षबंदी सिलसिल्यात, म्हणजे सूफींच्या त्या गुरुपरंपरेत, तर ही बेरीज-वजाबाकी साधनेच्या नियमांतच शिरली: बहाउद्दीन नक्षबंद (1318–1389) यांच्या नावे जे नियम सांगितले जातात त्यांत ‘वुकूफे जमानी’ आहे, म्हणजे आपला वेळ जागृतीत गेला की गाफिलीत, याची पडताळणी. मध्य आशियातून दख्खनेत आलेले बाबा शाह मुसाफिर याच सिलसिल्याचे. औरंगाबादच्या पाणचक्कीला त्यांचा दर्गा आहे. कव्वालीच्या बाजूचे लोक म्हणतील, की हे नक्षबंदी मुळातच कोरडे. पण कव्वाली जपणाऱ्या चिश्ती सिलसिल्यातल्या गुरु-शिष्यांनाही मुराकबा वर्ज्य नव्हता. समाच्या, म्हणजे भक्तिसंगीत ऐकण्याच्या, मैफलीत कोणी बसावे, कोणत्या हेतूने ऐकावे, याच्या अटी त्यांनीही घातल्याच होत्या, आणि हेतू तपासल्याशिवाय त्या अटी पाळता येत नाहीत.