नित्याचें सुख आणि त्याची मशागत
(महोत्सवाच्या सभेंत केलेलें भाषण)



महोत्सवाचा दिवस सुखाचा असतो, हें कोणास सांगावयास नको. मंडप सजलेला असतो, दूरदूरचे आप्त भेटलेले असतात, आणि पंगतींत वाढणाराचा हात आखडत नाहीं. परंतु वर्षांत असा दिवस एखादाच. उद्यां तोरणें सुकतील, मंडप उतरेल, पाहुणे गोंदियाच्या स्टेशनावरून आपापल्या गाडीनें मार्गस्थ होतील, आणि आपणांपुढें पुनः तेंच शेत, तीच चूल, तेंच दुकान व तीच कचेरी उभी राहील. त्या साध्या दिवसांत मनुष्यास सुखी राहतां येतें काय, आणि येत असल्यास कोणत्या उपायानें, एवढाच प्रश्न आज आम्ही आपणांपुढें मांडणार आहों.

सुख पुढें कोठें तरी ठेवलेलें आहे, अशी सर्वसाधारण समजूत असते. मुलीचें लग्न झालें म्हणजे, पक्कें घर उठलें म्हणजे, मुलास नागपुरास नोकरी लागली म्हणजे आपण सुखी होऊं, असें जो तो म्हणत असतो. या इच्छा वाईट आहेत असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु 1978 सालीं अमेरिकेंतील कांहीं मानसशास्त्रज्ञांनीं लॉटरींत मोठ्या रकमा मिळालेल्या 22 लोकांची चौकशी प्रसिद्ध केली. त्याच भागांत राहणाऱ्या इतर लोकांपेक्षां ते फारसे अधिक सुखी आढळले नाहींत. इतकेंच नव्हे, तर मित्राशीं गप्पा, सकाळची न्याहारी, एखादा विनोद, अशा नित्याच्या गोष्टींत त्यांस इतरांहून कमी गोडी वाटत होती. माणसें थोडीं होतीं खरीं. तरी विचार करावयास लावणारी ही गोष्ट आहे.

मग सुख राहतें कोठें? याचें उत्तर देण्यास आपल्याच मुलुखांतील एक दृष्टांत आम्हांस फार समर्पक वाटतो. गोंदिया जिल्हा 1 मे 1999 रोजीं भंडाऱ्यापासून वेगळा झाला. परंतु तलावांचा मुलूख ही या दोन्ही जिल्ह्यांची ओळख त्याहून फार जुनी आहे. गोंड राजवटीच्या काळापासून कोहळी समाजाच्या जाणत्या लोकांनीं येथें गांवोगांव तलाव व बोड्या बांधल्या. नवेगावबांधचा विस्तीर्ण तलाव कोलू पाटील कोहळी यांनीं बांधला, अशी परंपरा आहे. आतां पाहा, या तलावांतील पाणी कोणी निर्माण केलेलें नाहीं. पाऊस सर्वांवर सारखाच पडला. ज्या गांवानें पाळ घातली त्याच्या धानास पाणी मिळालें. ज्यानें घातली नाहीं त्याचा पाऊस वाहून गेला. शिवाय पाळ एकदां घालून भागत नाहीं. उन्हाळ्यांत गाळ काढावा लागतो, पावसाच्या आधीं पाळीचीं भगदाडें बुजवावीं लागतात, आणि पाटानें शेजाऱ्याच्या बांधीसही पाणी जाऊं द्यावें लागतें. 1951 सालीं मालगुजारी पद्धति संपुष्टांत आली, तलाव सरकारच्या ताब्यांत गेले, आणि अनेक ठिकाणीं गांवकऱ्यांचा नित्याचा हात त्यांवरून निघाला. गाळ सांचला, बेशरमीचीं झुडपें माजलीं, मासे घटले. पाऊस होता, तलावही होता. काळजी घेणारें कोणी राहिलें नव्हतें.

सुखाचेंही असेंच आहे, असें आमचें मत आहे. तें शोधून सांपडत नाहीं. तें पडत असतां अडवावें लागतें, आणि अडविल्यावर राखावें लागतें. त्यास तीन कामें आवश्यक होत.

पहिलें काम पाळ घालण्याचें. म्हणजे आपल्या समोर जें आहे त्याकडे लक्ष देण्याचें. कै. मारुति चितमपल्ली हे 1932 सालीं सोलापुरास जन्मले व 2025 सालीं निवर्तले. वनाधिकारी म्हणून ते नवेगावबांधच्या अरण्यांत बरींच वर्षें होते. ज्या ठिकाणची बदली पुष्कळ नोकरदारांस शिक्षेसारखी वाटली असती, तेथें त्यांनीं पक्षी न्याहाळले, झाडांचीं व पांखरांचीं स्थानिक नांवें जाणत्या गांवकऱ्यांस व वनवासी लोकांस विचारून टिपून ठेवलीं, आणि त्या नोंदींतून मराठी भाषेस नवें शब्दधन दिलें. तलाव तोच, रान तेंच. लक्ष मात्र जागें होतें. आपल्या दारावरून रोज जाणाऱ्या किती पांखरांचीं नांवें आपणांस ठाऊक आहेत? पहांटे बांधीवर सारसांची जोडी उतरते, ती पाहण्यास दूरदूरचे लोक येतात, आणि आपण मान खालीं घालून निघून जातों.

दुसरें काम गाळ उपसण्याचें. मनांत गाऱ्हाण्यांचा थर रोज बसतो. भावानें वाटणींत घेतलेला हात दीड हात धुरा, सोयऱ्यानें दहा वर्षांपूर्वीं केलेला अपमान, हें सर्व तळाशीं जाऊन बसतें आणि पाण्याची जागा व्यापतें. यावर एक सोपा उपाय तपासून पाहण्यांत आलेला आहे. अमेरिकेंतील एमन्स व मॅकलॉ या दोन अभ्यासकांनीं 2003 सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत कांहीं विद्यार्थ्यांस दहा आठवडे, दर आठवड्यास, ज्यांबद्दल आभार मानावेत अशा पांचपर्यंत गोष्टी लिहावयास सांगितल्या. दुसऱ्यांस कटकटी लिहावयास सांगितल्या. आभार लिहिणारांस आपलें जीवन अधिक समाधानाचें वाटूं लागलें. कागद नसेल तर चालेल. रात्रीं जेवणाचे वेळीं घरांतील प्रत्येकानें आजची एक बरी गोष्ट सांगावी. लेंकरें हें काम फार आवडीनें करतात.

तिसरें काम पाट मोकळा ठेवण्याचें. म्हणजे आपलें सुख दुसऱ्याच्या बांधींत जाऊं देण्याचें. हार्वर्ड विद्यापीठांत 1938 सालीं सुरू झालेली एक चौकशी आजही चालू आहे. तींत 724 पुरुषांच्या आयुष्याचा तरुणपणापासून मागोवा घेण्यांत आला, आणि पुढें त्यांच्या कुटुंबांचाही. पैसा व कीर्ति यांपेक्षां जिव्हाळ्याचीं माणसें हींच मनुष्यास सुखी व निरोगी ठेवतात, असा तिचा निष्कर्ष आहे. आपल्याकडील रोवणी करणाऱ्या बायांस हें कोणी शिकविण्याची गरज नाहीं. कंबर मोडणारें तें काम. परंतु दहाजणी एका रांगेंत पऱ्हे रोवीत गाणें म्हणतात, तेव्हां चिखलांतही हंसूं ऐकूं येतें. अर्जुनी-मोरगांव तालुक्यांत भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाच्या सहाय्यानें ढिवर समाजाच्या स्त्रीपुरुषांनीं बेशरम उपटून तलावांत देशी पाणवनस्पति पुनः लावल्या, आणि मासे व पांखरें परत येऊं लागलीं. तेथें गांवानें एक तलाव राखला, आणि मिळून काम करण्याची जुनी गोडीही राखली.

येथें एक आक्षेप येईल, आणि तो योग्य आहे. वैशाखाच्या उन्हांत तेंदूची पानें तोडणाऱ्या, किंवा रात्रीं दिव्याखालीं विड्या वळणाऱ्या माउलीस आम्ही समाधानाचा पाठ द्यावा काय? नाहीं. उपाशी माणसास समाधानाचा उपदेश करणें हा निर्दयपणा होय. श्रमाचें योग्य मोल मागणें, लेंकरांस शाळा मागणें, हें असंतोषाचें लक्षण नसून तीही पाळच आहे. तसेंच कित्येकांचें मन महिनेच्या महिने काळवंडून राहतें, झोप जाते, अन्न गोड लागत नाहीं. तो दुखणाईत आहे; त्यास दोष न देतां वैद्याकडे न्यावें, आणि त्याचेपाशीं बसावें. आम्ही जें सांगत आहों तें दारिद्र्याचें वा रोगाचें औषध नव्हे. ज्यांस दोन घास मिळत आहेत आणि तरीही जे उद्यांच्या आशेनें आजचा दिवस फुकट घालवितात, त्यांच्यासाठीं, म्हणजे आपणांपैकीं बहुतेकांसाठीं, हें बोलणें आहे.

ज्या संताचें नांव नागपुरच्या कॅथेड्रलास दिलेलें आहे, त्या संत फ्रान्सिस द सेल्स यांनीं 1609 सालच्या आपल्या ग्रंथांत असें प्रतिपादिलें कीं, भक्ति ही मठापुरती नाहीं; शिपायानें, कारागिरानें व संसारी माणसानें ती आपापल्या कामांत राहूनच आचरावी. सुखाविषयीं आम्हीही तेंच म्हणूं. शेतकऱ्याचें सुख त्याच्या बांधींत, गृहिणीचें तिच्या ओसरीवर, आणि शिक्षकाचें त्याच्या वर्गांत राखलें जावें.

म्हणून आपणां सर्वांस आमची एकच विनंति आहे. मंडप उतरल्यावर येणाऱ्या पहिल्या साध्या दिवशीं एक पांखरूं नांवानें ओळखा, एक जुनें गाऱ्हाणें उपसून टाका, आणि ज्याच्याशीं बोलणें तुटलें आहे अशा एका माणसाच्या दारांत जाऊन उभे राहा. हें काम आठ दिवस जमलें तर महिनाभर करा.