कपाशीचे पान आतून कसे फसते?



मलकापूर, नांदुरा, शेगाव, जळगाव जामोद या पूर्णाकाठच्या तालुक्यांत कपाशी ऐन भरात असते आणि झड लागते. मग पानांवर तेलकट, पाणीदार ठिपके दिसतात. शिरांमुळे अडतात म्हणून ते कोनाकार होतात, पुढे काळे पडतात. रोग वाढला तर फांदी काळवंडते, बोंडे सडतात. हा अणुजीवी करपा. आपण फवारणी करतो आणि आठ दिवसांनी तक्रार येते, "साहेब, ठिपके तसेच आहेत!"

ठिपके का जात नाहीत, ते पाहू. झँथोमोनास हा जीवाणू पावसाच्या शिंतोड्यांबरोबर पर्णरंध्रांतून पानात शिरतो आणि पेशींमधल्या पोकळीत राहतो. पेशी काही झोपलेली नसते. तिच्या पृष्ठभागावरील प्रथिने जीवाणूच्या शेपटीचा अंश ओळखतात. लगेच कॅल्शियम आत येते, एक प्रथिन दुसऱ्याला फॉस्फेट चिकटवून जागे करते (खतातून आपण देतो तेच स्फुरद!) आणि निरोप केंद्रकापर्यंत पोचतो. गावात चोर दिसताच कोतवालाकरवी पोलीस पाटलाला खबर जावी, तसेच हे.

पण जीवाणूही बेरकी. सुईसारख्या नळीतून तो आपली प्रथिने पेशीत टोचतो. काही प्रथिने हा निरोप वाटेतच तोडतात. एक प्रथिन तर थेट केंद्रकात जाऊन साखर बाहेर सोडणारे कपाशीचेच जनुक चालू करते, असे २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसले. म्हणजे घरच्यानेच चोराला कोठीतले धान्य काढून द्यावे!

ताम्रयुक्त औषध पानावरचे जीवाणू मारते. आत बिघडलेली पेशी सुधारत नाही. म्हणून जुन्या ठिपक्यांकडे पाहून पुन्हा पुन्हा खर्च करू नका, नवी पालवी स्वच्छ आली का ते पाहा. बीटी जनुक बोंडअळीसाठी आहे, या रोगावर त्याचा उपयोग नाही. देशी कपाशी मात्र या रोगाला सहसा बळी पडत नाही.

रोग येतो तो सरकीतून आणि जुन्या पऱ्हाट्यांतून. पाकिटातील संकरित बियाणे तंतू काढलेले असते. घरची सरकी असेल तर प्लॅस्टिकच्या बादलीत किलोला १०० मि.लि. गंधकाम्ल टाकून काठीने २-३ मिनिटे ढवळा, भरपूर पाण्याने वारंवार धुवा, तरंगणारे बी फेकून द्या. हातात रबरी मोजे हवेतच. वेचणी संपली की पऱ्हाट्या धुऱ्यावर रचून ठेवू नका.