क्लच प्लेट पुन्हा पुन्हा जाते तेव्हा



आज गाडीबद्दल बोलायचंय. आता कितीतरी गटांकडे मालाची स्वतःची गाडी आहे. कुणाचा छोटा हत्ती, कुणाची जुनी व्हॅन. भाजी, दूध, मसाले, पापड घेऊन ती आठवडी बाजाराला जाते. धावते तोवर तिच्याकडे कुणी बघत नाही. अडली, की गॅरेजवाला सांगेल ते ऐकायचं आणि मागेल ते द्यायचं. त्यातही क्लच आणि गिअरचं काम निघालं, की आपण अगदीच गप्प बसतो, कारण तो भाग गाडीच्या पोटात असतो, दिसत नाही.

म्हणून आधी तो भाग समजून घेऊ. इंजिन एकीकडे फिरतं, चाकं दुसरीकडे फिरतात. दोघांना जोडायचं आणि हवं तेव्हा सोडवायचं काम क्लचचं. दोन थाळ्यांमध्ये भाकरी घट्ट दाबून धरली आणि थाळ्या फिरवल्या, तर भाकरीही फिरते ना? तसंच आहे. एक थाळी म्हणजे इंजिनाचं फ्लायव्हील, दुसरी प्रेशर प्लेट आणि मधली भाकरी म्हणजे क्लच प्लेट. पेडल दाबलं की पकड सुटते, मग गिअर बदलता येतो. भाकरी झिजून पातळ झाली की पकड ढिली होते. आणि भाकरीला तेल लागलं तर ती नवी असली तरी सटकते. हे तेलाचं लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आमच्या भागातल्या एका गटाचं सांगते. गावाचं नाव घेत नाही, गॅरेजचंही नाही. त्यांची गाडी चढाला ओढेना. इंजिन नुसतं ओरडायचं, गाडी जागची हलायची नाही, जळका वास यायचा. गॅरेजवाल्याने क्लच प्लेट बदलली, साडेसहा हजार घेतले. चार महिन्यांनी पुन्हा तेच. पुन्हा प्लेट, पुन्हा पैसे. त्या वेळी तो म्हणाला, "तुमचं पोरगं हाफ क्लचवर चालवतं, मी काय करू?" गाडी चालवणारा मुलगा गटातल्याच एका बाईचा. आता हाफ क्लचने प्लेट जळते हे खरंच आहे. चढावर ब्रेक न धरता क्लचवर गाडी तोलून धरली, किंवा चालवताना पाय पेडलवरच ठेवला, तर प्लेट लवकर जाते. म्हणून सगळ्यांना ते पटलं. मुलाला कामावरून काढलं. त्याची आई सभेला यायची बंद झाली. तिकडे बँकेचा हप्ता थकला. पगारी ड्रायव्हर ठेवला, तर दोन महिन्यांत प्लेट तिसऱ्यांदा गेली!

मग दोघीजणी गाडी तालुक्याला दुसऱ्या मिस्त्रीकडे घेऊन गेल्या आणि काम होईपर्यंत तिथेच बसून राहिल्या. त्याने गिअर बॉक्स उतरवला, प्लेट काढली आणि त्यांच्या हातात दिली. तेलाने काळी, चिकट झालेली. इंजिनाच्या मागच्या बाजूचं ऑईल सील गळत होतं आणि ते तेल थेट प्लेटवर येत होतं. प्लेट शंभर वेळा बदलली असती तरी टिकली नसती. सीलची किंमत प्लेटच्या मानाने किरकोळ असते. मोठी मजुरी गिअर बॉक्स उतरवायची, आणि तो तर दोनदा उतरवून झालाच होता.

आधीच्या गॅरेजवाल्याने लबाडी केली की नुसता निष्काळजीपणा, हे आजही कुणाला सांगता येत नाही. कारण जुन्या दोन्ही प्लेटा त्याच्याकडेच राहिल्या आणि बिल एकदाही घेतलं नव्हतं. मुलाला परत बोलावलं, पण तो तोवर पुण्याला कामाला लागला होता. आई सभेला येते आता. गाडीची वही तिच्याच हातात दिली आहे.

ही वही काय, तर साधी शंभर पानी. कोणत्या तारखेला काय बदललं, तेव्हा मीटरवर किती किलोमीटर होते, किती पैसे दिले, कुणी काम केलं. एकच भाग थोड्याच किलोमीटरनंतर पुन्हा गेला, तर वही उघडून मिस्त्रीला विचारायचं, "भाग गेला हे कळलं, पण का गेला?" या प्रश्नाचं उत्तर जो देत नाही, त्याला गिअर बॉक्स उतरवू देऊ नका.

गॅरेजला जायच्या आधी लक्षणही नीट टिपून घ्या. इंजिन ओरडतं पण गाडी ओढत नाही, तर पकड सुटतेय. गाडी उभी आहे, पेडल पूर्ण दाबलंय, तरी गिअर टाकताना खरखर होते, तर क्लच पुरता सुटत नाहीये. कधी कधी हे नुसती केबल आवळून भागतं. धावत्या गाडीत एकाच ठरावीक गिअरला खरखर होत असेल, किंवा तो आपोआप सुटून येत असेल, तर दुखणं बहुधा गिअर बॉक्सच्या आत आहे. आणि गाडी न्यूट्रलला ठेवून आवाज ऐका. पेडल दाबल्यावर घरघर सुरू होत असेल तर संशय क्लचच्या बेअरिंगवर. दाबल्यावर घरघर थांबत असेल तर गिअर बॉक्सच्या बेअरिंगवर. एवढं सांगितलंत तरी समोरचा माणूस सांभाळून बोलतो.

काम सुरू होण्याआधी अंदाजे खर्च कागदावर घ्या. आत आणखी काही निघालं तर फोन करून विचारल्याशिवाय हात लावायचा नाही, हे त्याच कागदावर लिहा. काढलेला जुना भाग परत मागा. नव्या भागाच्या डब्याचा फोटो काढा. भाग किती आणि मजुरी किती, हे वेगवेगळं लिहिलेलं बिल घ्या, आणि हमी किती दिवसांची तेही त्यावर लिहून घ्या.

आता मिस्त्रीची बाजूही सांगते. गिअर बॉक्स उतरवून चढवणं कष्टाचं काम आहे, त्याची मजुरी द्यायलाच हवी. नुसतं तपासून घेतलं तरी तपासणीचे पैसे द्या. तीन-तीन महिने उधारी ठेवणारे गटही मी बघितलेत, मग तो जुनाच माल बसवणार नाही तर काय. आणि भार! आरसीवर गाडीचं रिकामं वजन आणि भरलेलं वजन लिहिलेलं असतं. वजाबाकी करा, तेवढाच माल भरायचा. त्यावर दहा पोती जास्त चढवली तर कुणाचीच प्लेट टिकणार नाही.

एवढं करूनही फसवणूक झाली, तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ आहे. मागूनही बिल न देणं ही त्यात अनुचित व्यापारी प्रथा धरली जाते. कामाची वाजवी मजुरी मिळेपर्यंत गॅरेजवाला गाडी अडवू शकतो, त्यामुळे भांडण करून गाडी ओढून आणू नका. पैसे द्या, पण बिलावर "रक्कम मान्य नाही, हरकत ठेवून भरली" असं लिहून सही करा आणि फोटो घ्या. मग जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. घटना घडल्यापासून दोन वर्षांच्या आत करायची. मोबदला म्हणून भरलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, आणि वकील लावलाच पाहिजे असंही नाही. तक्रारीत एक वाक्य जरूर घाला, की ही गाडी आम्ही स्वतः राबून पोट भरण्यासाठी चालवतो. कारण निव्वळ व्यापारासाठी घेतलेल्या सेवेला हा कायदा लागू होत नाही, आणि समोरचा नेमकं तेच म्हणेल.

त्याच्याही आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनला फोन करून बघा, नंबर १९१५. मराठीत बोलता येतं. बिल आणि वही समोर ठेवून मगच फोन लावा, कारण तारीख, रक्कम आणि गॅरेजचं नाव-पत्ता ते विचारतात.