मुंबईतली दरी आणि आपलं गेट
(रौप्यमहोत्सवी सोहळ्यात केलेले भाषण)



सेक्रेटरी म्हणाले होते, "काका, जुन्या आठवणी सांगा, दहा मिनिटं." सांगतो. पण अडतीस वर्षं बँकेत काढलेला माणूस आठवणीसुद्धा जमा आणि नावे अशाच मांडणार, त्याला इलाज नाही.

माझं बालपण लालबागच्या चाळीत गेलं. दहा बाय बाराची खोली, वडील गिरणीत साचेखात्यात. एका बाजूला प्राथमिक शिक्षक, दुसऱ्या बाजूला बेस्टचे कंडक्टर. कुणाला चार पैसे जास्त, कुणाला कमी, पण महिनाअखेरीला वाटीभर साखरेसाठी सगळेच एकमेकांच्या दारात. गरिबीचं कौतुक मी करत नाही. सकाळी संडासाच्या रांगेत डबा घेऊन उभा राहिलेला माणूस ते करणार नाही. एवढंच, की माणसामाणसातला फरक तेव्हा हाताच्या अंतरावर होता.

१९ जुलै १९६९ ला चौदा बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं. शाखा वाढल्या, भरती निघाली आणि १९७३ मध्ये बी.कॉम. होऊन मी क्लार्क म्हणून चिकटलो. धाकटा भाऊ मॅट्रिकला गणितात अडकला; तो गिरणीत बदली कामगार म्हणून लागला, पुढे कायम झाला. दोघं एकाच खोलीत झोपायचो आणि पगारातही फार अंतर नव्हतं.

१८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. मी तेव्हा परळच्या एका शाखेत काउंटरवर होतो. आधी बचत खाती रिकामी झाली, मग मुदतीआधी आवर्ती ठेवी मोडल्या, मग सोनंतारण. मंगळसूत्र वजनाला देताना बाई दुसरीकडे बघायच्या, आणि आम्हीही. तो संप रीतसर मागे असा कधी घेतलाच गेला नाही. भावाला गिरणीने परत घेतलं नाही. गिरण्यांच्या जमिनींचं काय करायचं याचा नियम १९९१ मध्ये झाला होता, त्यात मोकळ्या जागांना आणि परवडणाऱ्या घरांना वाटा होता. २००१ च्या दुरुस्तीने तो वाटा फक्त रिकाम्या जमिनीपुरता उरला. पुढचं लोअर परळ तुम्ही रोज लोकलमधून पाहता.

मला मात्र बँकेचं स्टाफ हाउसिंग लोन मिळालं, सवलतीच्या व्याजाने. त्यातून १९९९ मध्ये मुलुंडची ही जागा साडेनऊ लाखांना घेतली. गेल्या वर्षी बी विंगमधला अगदी तसाच फ्लॅट एक कोटी वीस लाखांना गेला. मी घरी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. अडतीस वर्षांच्या सगळ्या पगारांची बेरीज केली तरी ती या रकमेला पोचत नाही! म्हणजे नोकरीने मला जेवढं दिलं, त्याहून जास्त मला नुसत्या जागेने दिलं, आणि त्यासाठी मी काय केलं? इथे राहिलो. २०११ च्या जनगणनेत मुंबईची चाळीस टक्क्यांहून अधिक वस्ती झोपडपट्टीत होती. त्यांनीही तेच केलं, राहिले. पण त्यांच्या नावावर सातबारा नाही, शेअर सर्टिफिकेट नाही.

आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींनी मुलीच्या बाळंतपणाला पैसे उचलले, शेकडा पाच रुपये महिना. वर्षाचे झाले साठ टक्के. मी बँकवाला, मला दरदरून घाम फुटला. ज्याच्याकडे पैसा कमी, त्यालाच पैसा सगळ्यात महाग.

आता नावे बाजू. २०१२ मध्ये मी आपला खजिनदार होतो. वॉचमनच्या तीन पाळ्या होत्या, त्या मी दोन केल्या. आठ तासांची ड्यूटी बारा तासांची झाली, एक माणूस कमी झाला. सर्वसाधारण सभेत टाळ्या पडल्या आणि मी त्या घेतल्या. वाचलेल्या पैशांतून गच्चीचं वॉटरप्रूफिंग झालं, हेही खरं.

तीन-चार वर्षांनी पुतण्या घरी आला. भावाचा मुलगा, अंधेरीच्या एका ऑफिसात सिक्युरिटीला, राहायला अंबरनाथला भाड्याने. बारा तास ड्यूटी, दोन तास जायला, दोन यायला. हातात चहाचा कप तसाच आणि हा सोफ्यावर झोपलेला. हिने कप हळूच काढून घेतला. त्या रात्री मी औषधं आणायला खाली उतरलो, तर आपला वॉचमन खुर्चीत पेंगत होता. आधी मी त्याच्यावर ओरडलो असतो. ओरडलोही होतो, दोनदा.

पुन्हा तीन पाळ्या करायच्या आणि आत्ताच्या दोघांचा पगार कापायचा नाही, तर एका माणसाचे महिना सोळा हजार वाढतात. आपले चौसष्ट फ्लॅट, म्हणजे घरटी अडीचशे रुपये. परवा जिन्यात एकांनी अडवून विचारलं, "काका, पेन्शनरांना झेपेल?" प्रश्न बरोबर आहे. दोन-तीन घरं केवळ फॅमिली पेन्शनवर चालतात. त्यांचा भार उरलेल्यांनी उचलला तर प्रत्येकी दहा-बारा रुपयेच वाढतात, हिशोब करून ठेवलाय.

पुढच्या सभेच्या अजेंड्यावर हा विषय सातवा आहे. ठराव मी मांडतोय. अनुमोदक अजून मिळालेला नाही. आज जेवताना कुणी सांगितलं तरी चालेल.