छपरावरील पत्रा व श्वासांतील धूळ

मृगाचा पाऊस जवळ आला म्हणजे गांवोगांव छपरांची डागडुजी सुरू होते. पूर्वीं कौलांची शाकारणी होत असे. आतां पुष्कळ घरांवर व गोठ्यांवर सिमेंटचा करडा पत्रा दिसतो. गडी पत्र्यास भोंक पाडतो, करवतीनें त्याची कड कापतो, आणि खालीं पडलेला भुगा गृहिणी केरसुणीनें झाडून टाकते. या साध्या कामांत केवढा धोका दडला आहे, हें फार थोड्यांस ठाऊक असतें.

या पत्र्यांत सिमेंटबरोबर बहुधा अ‍ॅस्बेस्टॉस नांवाचें खनिज मिसळलेलें असतें. तो एक दगडच. परंतु कापसाप्रमाणें त्याचे तंतू निघतात. ते जळत नाहींत, कुजत नाहींत. याच गुणांमुळें बॉयलरच्या वेष्टणांत व मोटारींच्या ब्रेकच्या अस्तरांत त्यांचा उपयोग झाला, आणि याच गुणांमुळें ते घातक ठरले. डोळ्यांस न दिसणारे हे तंतू श्वासावाटे फुप्फुसांत शिरून तेथेंच रुततात. पुढें २० ते ४० वर्षांनीं, कधीं त्याहूनही उशिरां, फुप्फुसाचा किंवा त्याभोंवतालच्या आवरणाचा कर्करोग उद्भवूं शकतो. आंत गेलेला तंतू बाहेर काढणारें औषध नाहीं. म्हणून तो आंत जाऊं न देणें हाच उपाय.

इंग्लंडांत रॉचडेल येथील अ‍ॅस्बेस्टॉसच्या कारखान्यांत काम करणारी नेली कर्शॉ ही स्त्री १९२४ सालीं अवघ्या ३३ व्या वर्षीं वारली. तिच्या फुप्फुसांतील धूळ डॉ. विल्यम कुक यांनीं त्याच सालीं जगापुढें मांडली. १९३१ सालीं ब्रिटननें धुळीविरुद्ध नियम केले. परंतु संपूर्ण बंदीस १९९९ साल उजाडलें. भारतांत असे पत्रे अद्यापि बनतात व विकले जातात.

धोका कारखान्याच्या दारांत थांबत नाहीं. १९६५ सालीं लंडनमध्यें आवरणाचा कर्करोग झालेल्या ७६ रोग्यांची माहिती प्रसिद्ध झाली. त्यांतील ९ जणांनीं अशा कारखान्यांत पाऊलही टाकलें नव्हतें. त्यांच्या घरचें माणूस मात्र तेथें कामास जात होतें. त्यांत पतीचे धुळकट कपडे धुणाऱ्या पत्नी होत्या. पदरांत निखारा बांधून घरीं आणावा, तसाच हा प्रकार.

छपरावरचा पत्रा धड असेल तर घाबरून तो उपटूं नये. न दुखावलेल्या पत्र्यांतून तंतू फारसे सुटत नाहींत. तो कापूं नये, घासूं नये, त्यावरील शेवाळ खरवडूं नये. नारळ पडून तो फुटलाच, तर तुकडे पाण्यानें भिजवावे, आणखी न फोडतां उचलावे, जाड पिशवींत बांधावे व नगरपालिकेस किंवा ग्रामपंचायतीस विचारून त्यांची वाट लावावी. अंगणांत भर घालण्यास ते वापरूं नयेत. भुगा कोरडा झाडूं नये. ओल्या फडक्यानें टिपावा व फडकेंही बांधून टाकावें. मुलांस दूर ठेवावें. नवें छप्पर घालतांना दुसरा पत्रा निवडणें उत्तम.

कारखान्यांत, जहाजें मोडण्याच्या धक्क्यावर किंवा जुनी इमारत पाडतांना काम करणारानें साध्या रुमालावर विसंबूं नये. धूळ शोषणारें यंत्र व योग्य मुखवटा मालकानें पुरवावा. ब्रेकवरील धूळ वाऱ्याच्या झोतानें उडवूं नये. कपडे कामावरच बदलावे, अंग धुवावें, मग घरीं जावें. भारताच्या सर्वोच्च न्यायालयानें १९९५ सालीं अशा कामगारांच्या आरोग्याची नोंद नोकरी लागल्यापासून ४० वर्षें किंवा निवृत्तीनंतर १५ वर्षें, यांपैकीं जी मुदत उशिरां संपेल तोंवर, ठेवण्याचा आदेश दिला. ती नोंद मागणें हा कामगाराचा हक्क आहे. ज्यानें ही धूळ श्वासांत घेतली आहे त्यानें विडी तर सोडावीच, कारण दोहोंच्या संगतीनें फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका अनेक पटींनीं वाढतो. दम लागूं लागल्यास डॉक्टरांस आपलें जुनें काम अवश्य सांगावें.

आज उडालेली धूळ घटकेंत खालीं बसते आणि विसरली जाते. तिचा हिशेब मात्र कदाचित् त्या अंगणांत आज खेळणाऱ्या मुलास, त्याच्या ऐन कर्तेपणीं, चुकवावा लागतो. एक बादलीभर पाणी व थोडा धीर, एवढ्यानेंच तो पुष्कळसा टळूं शकतो.