वर्गासाठी डिजिटल कथा : सुरुवात ऐकण्यापासून

(विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



'डिजिटल कथा' हा शब्द आता शाळाशाळांतून ऐकू येतो. स्वतःच्या आवाजात सांगितलेली, छायाचित्रे जोडलेली, दोन-तीन मिनिटांची चित्रफीत म्हणजे डिजिटल कथा. १९९० नंतर अमेरिकेत, कॅलिफोर्नियात, डाना ॲचली आणि ज्यो लॅम्बर्ट यांनी सामान्य माणसांना अशा कथा करायला शिकवले. पुढे हे तंत्र वर्गात आले.

त्यामागचा विचार आपल्याला परका नाही. ज्याने सोसले त्याने सांगावे, हाच तो विचार. 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये बाबासाहेबांनी १९०१ सालचा गोरेगावचा प्रवास सांगितला आहे. मसूर स्टेशनवर उतरलेली मुले, दुप्पट भाडे देऊन मिळालेली बैलगाडी, तीही मुलांनीच हाकायची, आणि डब्यात अन्न असून पाणी न मिळाल्यामुळे उपाशी काढलेली रात्र. प्रसंग एकच आहे. अस्पृश्यतेची व्याख्या तिथे दिलेली नाही, तरी वाचणाऱ्याला ती उमगते. आपली कथाही अशीच एका प्रसंगाची असावी.

विद्यार्थी मित्रहो, विषय शोधायला लांब जाऊ नका. रविवार, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला धम्मदीक्षा झाली. तेव्हा दहा वर्षांची असलेली मुले आज ऐंशीच्या आसपास आहेत. आपल्या वस्तीत अशी एखादी आजी, एखादे आजोबा असतील. त्यांच्याजवळ बसा. 'धर्मांतराबद्दल सांगा' असे विचारले तर आजी चार शब्दांत आटपतील. 'घरातून कोण कोण निघाले? शिदोरी काय होती? अंगावर काय होते? परत आल्यावर घरातले काय बदलले?' असे विचारा, म्हणजे प्रसंग उभा राहील. ध्वनिमुद्रणासाठी त्यांची परवानगी आधी घ्या.

त्यानंतर लेखन. तीन मिनिटांना साधारण तीनशे शब्द पुरतात. ते मोठ्याने वाचून घड्याळ लावा. वहीच्या पानावर तीन उभे रकाने पाडा. पहिल्यात चित्र, दुसऱ्यात त्या वेळी ऐकू येणारे शब्द, तिसऱ्यात किती सेकंद. पंधरा-वीस चित्रांत काम भागते. दीक्षेचे छायाचित्र घरी नसेल तर आजींचे हात, जुनी पेटी, घरातली बुद्धमूर्ती यांची छायाचित्रे काढा. चित्रकाराने नंतर काढलेले चित्र वापरले तर खाली 'चित्र' असे स्पष्ट लिहा. छायाचित्र म्हणून ते खपवू नका.

ध्वनिमुद्रण करताना पंखा बंद, खिडकी बंद, मोबाईल वीतभर अंतरावर. सिनेमातले गाणे मागे लावू नका. त्यावर दुसऱ्याचा हक्क असतो, आणि आजींचा आवाज त्यात बुडतो. मोबाईलवर चित्रे आणि आवाज जोडण्याचे काम एका दुपारी होते. खरा वेळ ऐकण्यात आणि लिहिण्यात जातो, आणि शिक्षणही तिथेच होते.

आता महत्त्वाची गोष्ट. आम्हा बँकेतल्या माणसांना व्हाऊचरशिवाय नोंद करता येत नाही. कथेतही सालाला आधार हवा. कोणी म्हणेल, 'मी दीक्षा दसऱ्याला घेतली', कोणी म्हणेल, 'दादरला, बाबासाहेबांच्या अंत्यसंस्काराच्या वेळी'. दोन्ही खरे असू शकते, कारण ७ डिसेंबर १९५६ रोजी दादरलाही भदन्त आनंद कौसल्यायन यांच्या हस्ते हजारोंनी दीक्षा घेतली. आठवण आठवण म्हणून सांगा आणि तारीख पुस्तकातून घ्या. चां. भ. खैरमोडे यांचे चरित्रखंड आणि शासनाने काढलेले बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचे खंड ग्रंथालयात असतात. ऐकीव म्हणून किंवा परंपरेने आले म्हणून स्वीकारू नका, हा भगवान बुद्धांनी कालामांना केलेला उपदेश इथे उपयोगी पडतो.

शिक्षक बंधू-भगिनींना एक विनंती. कथा दाखवून लगेच टाळ्या वाजवू नका. मुलांना विचारा, यातले डोळ्यांनी पाहिलेले कोणते, ऐकलेले कोणते आणि ताडून पाहिलेले कोणते? मग इतिहासाच्या पुस्तकातला धडा मुले वेगळ्या नजरेने वाचतील. आणि वर्गात दाखवण्यापूर्वी ती कथा आजींना दाखवा. त्यांनी एखादे वाक्य काढायला सांगितले तर ते निमूटपणे काढा.

आपल्या अनेक आजी-आजोबांना अक्षरओळख नव्हती. त्यांच्याविषयी इतरांनी लिहिले, त्यांना स्वतःला लिहिता आले नाही. मोबाईलच्या या छोट्या यंत्राने त्यांचे शब्द त्यांच्याच आवाजात जपता येतात. मात्र हे काम पुढच्या वर्षावर ढकलता येणार नाही. यंत्रे नवी येत राहतील, साक्षीदार पुन्हा येणार नाहीत. म्हणून या सुट्टीत प्रत्येक विद्यार्थ्याने एका वृद्धाजवळ तासभर बसावे, एवढीच विनंती करून मी माझे चार शब्द संपवतो.

नमो बुद्धाय! जय भीम!